उत्तरेकडचा गुडघा

दुकानात जाऊन मी "कंपास द्या" म्हणालो. दुकानदाराने विचारलं, "कितवीत आहे?"

"कोण?"

"मुलगा."

"मलाच हवाय. राजगडावरून तोरण्याला जायचंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि पत्र्याची कंपासपेटी काउंटरवर ठेवली. आपल्याकडे कंपास म्हणजे करकटक, कोनमापक आणि गुण्यांची जोडी. दिशा दाखवतं ते होकायंत्र, आणि ते त्याच्याकडे नव्हतं. पण पेटी मी घेतली. होकायंत्र शिरीषकडे होतं. मला बनवायचा होता दिशांचा छापा.

छाप्याची गरज का पडली, ते सांगतो. आधीच्या ट्रेकमध्ये शिरीषने नकाशावर हातानेच दिशा काढल्या होत्या. त्याच्या पूर्व आणि दक्षिणेत काटकोन नव्हता, सलोखा होता. त्या दिवशी आम्ही ज्या गावात उतरलो, त्या गावाला आमच्याइतकंच आश्चर्य वाटलं. म्हणून ठरलं की पारदर्शक पट्टीवर आठही दिशा कापून घ्यायच्या. मधलं भोक आपण उभे असू त्या जागेवर ठेवायचं, उत्तरेचा बाण नकाशावरच्या रेखांशाला समांतर धरायचा आणि भोकांतून पेन्सिलीने खुणा करायच्या. भांडण नाही, सलोखा नाही.

पट्टी कशाची? दुधाची पिशवी चुरगळते, फायलीचं कव्हर अपारदर्शक. जाडी नेमकी भरली ती एक्स-रेच्या फिल्मची. घरात एकच होती, सासऱ्यांच्या गुडघ्याची. अण्णांनी हरकत घेतली नाही. फक्त म्हणाले, "धुऊ नका. गुडघा राहू दे." त्यामुळे आमच्या छाप्यावर उत्तरेचा बाण मांडीच्या हाडातून निघाला आणि मधलं भोक बरोबर वाटीवर आलं.

करकटकाने तीन सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं, कोनमापकाने दर पंचेचाळीस अंशांवर खूण केली आणि गॅसवर तापवलेल्या सुईने भोकं पाडली. फिल्म जळल्याचा वास घरभर पसरला. इथपर्यंत सोपं होतं. गाडी अडली ती अक्षरांवर. ब्लेडने 'प' कापला आणि उचलला, तर त्याचं पोट खाली पडलं. उरली एक चौकोनी खिडकी. 'पू'चं तेच झालं. इंग्रजीतले चारही दिशांचे एन, ई, एस, डब्ल्यू तपासले. एकालाही बंद पोट नाही! साहेबाने जगभर नकाशे का काढले, ते मला त्या रात्री समजलं.

ही मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "दांडी ठेवायची असते मध्ये. रांगोळीच्या छाप्यात बघ, मोराचं पोट दोन्हीकडून बांधलेलं असतं, नाहीतर मोर राहतो कुठे?" मी मोर पाहिला. 'प'च्या पोटाला दोन बारीक दांड्या ठेवून नवा कापला. पश्चिम दिशा उभी राहिली.

मग सिअ‍ॅटलहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे तो दर शनिवारी डोंगरात जातो, त्यामुळे त्याला विचारलंच. तो म्हणाला, "मामा, एकच बाण नाही चालणार. होकायंत्राची सुई चुंबकाची उत्तर दाखवते, नकाशावर असते खरी उत्तर. दोन्हींतला कोन म्हणजे दिक्पात. इथे तो पंधरा अंश पूर्वेला आहे."

त्या वाक्यातला 'इथे' माझ्या कानावर पडला, डोक्यात गेला नाही. खऱ्या उत्तरेच्या उजवीकडे पंधरा अंशांवर मी दुसरा, तिरका बाण कापला. शास्त्रीय दिसत होता.

राहता राहिला नकाशा. सर्वे ऑफ इंडियाचे पन्नास हजारास एक प्रमाणाचे नकाशे पंधरा मिनिटं अक्षांश आणि पंधरा मिनिटं रेखांशाचे असतात. अठरा अंश पंधरा मिनिटांची अक्षांशरेषा नेमकी या दोन गडांच्या मधून जाते. त्यामुळे तोरणा ४७ एफ/११ वर, आणि राजगड ४७ एफ/१२ च्या वरच्या काठाला डोकं टेकून. महाराजांनी गड घेताना पत्रकांचा विचार केलेला नव्हता. आम्ही दोन्ही नकाशांचे समास कापले आणि फेव्हिकॉलने गड शेजारी आणले. कापलेल्या पट्ट्या हिने उचलून नेल्या.

डिसेंबरातल्या पहाटे गुंजवण्यातून चोरदरवाजाने वर चढलो आणि नऊ-साडेनऊला संजीवनी माचीवर पोहोचलो. तटावर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. माचीवर छाप्याचं भोक ठेवलं, बाण काढले, खुणा केल्या. होकायंत्र तिरक्या बाणावर ठेवलं आणि सुई जुळेपर्यंत नकाशा फिरवला. मग पट्टी लावून माचीपासून तोरण्यापर्यंत रेघ ओढली आणि त्या रेघेवर मान ठेवून समोर पाहिलं.

समोर एक उघडी डोंगरसोंड होती. गवत, दोन झाडं. किल्ला नाही.

उजवीकडे मात्र एक अवाढव्य डोंगर उभा होता. तटबंदी, माची, बुधल्याचा सुळका, सगळं अंगावर लेवून.

"मग तो कुठला?" शिरीष म्हणाला.

"तोरण्यासारखा दिसतोय."

"पण तोरणा तर तिकडे हवा."

आम्ही पुन्हा मोजलं. रेघ बरोबर होती, सुई बरोबर होती, छापा तर मी स्वतः केला होता. उरला किल्ला. प्रचंडगड हे ज्याचं दुसरं नाव, तो किल्ला सहा किलोमीटरवर पंधरा अंश सरकला, म्हणजे दीड किलोमीटरहून जास्त उजवीकडे गेला. पाऊण तास आम्ही त्याच्याकडे, रिक्षा चुकीच्या ठिकाणी लावलेल्याकडे बघावं, तसे बघत होतो. तेवढ्या वेळात एक शाळेची सहल आळू दरवाजातून तोरण्याच्या वाटेला लागलीसुद्धा. एका गुरुजींनी जाता जाता नकाशावर नजर टाकली आणि विचारलं, "गुडघा कुणाचा?"

माचीच्या टोकाला मोबाइलला एक काडी रेंज मिळाली. भाच्याकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ झाले होते, तो जेवत होता.

"मामा, पंधरा अंश इथले! जागा बदलली की दिक्पात बदलतो. तुमच्याकडे एक अंशही नाही, सुई सरळ धरली तरी चालतं. नकाशाच्या समासात छापलेलं असतं की!"

समास. शिरीषने माझ्याकडे पाहिलं. मी तोरण्याकडे पाहिलं. नकाशा पंधरा अंश फिरवला, तसा किल्ला निमूट रेघेवर येऊन उभा राहिला.

वेळ गेला तो गेलाच. भर उन्हात खिंडीत उतरलो, पुन्हा चढलो, आणि रडतोंडी बुरुजापाशी पोहोचलो तेव्हा त्याला ते नाव ज्याने दिलं असेल तोही छापा घेऊनच आला असावा, अशी माझी खात्री झाली.

घरी आल्यावर समासाच्या पट्ट्यांचा शोध घेतला. हिने कोऱ्या बाजूवर नावं लिहून त्या काचेच्या बरण्यांना चिकटवल्या होत्या. महिनाअखेरीला हरभराडाळ तळाला गेली आणि काचेतून, आतल्या बाजूने, दिक्पाताची आकृती दिसू लागली. दोन उत्तरा एकमेकींना जवळजवळ चिकटून उभ्या होत्या.

छापा मी अण्णांना परत दिला, कारण डॉक्टरांनी जुना एक्स-रे आणायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी तो दिव्यावर लावला. वाटीतलं भोक, आठ दिशा, दांडीवर तोललेला 'प' आणि एक तिरका बाण. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नेमकं कुठे दुखतं?"

इतकी वर्षं अण्णा या प्रश्नाला "इथे, जरा इकडे, आणि आत" असं उत्तर देत. त्या दिवशी त्यांनी बोट लावलं नाही.

"वायव्येला," ते म्हणाले. "तिरका बाण धरू नका, तो अमेरिकेतला आहे."