भाडेकरूचा करारनामा

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ साली आली. घरात पेइंग गेस्ट येतो आणि तनय व अनुजा, दोघा भावंडांचा जीव त्याच्यावरच जडतो. आमच्या वाचन मंडळाने ती कमालीच्या प्रगल्भतेने वाचली. म्हणजे वर्तमानपत्राचं कव्हर घालून. चर्चा दीड तास रंगली ती भाषाशैलीवर. ‘तो’ विषय कुणीही काढला नाही, केवढी ही सभ्यता! ही प्रेमकथा नसून भाडेकरूची पोलीस पडताळणी न केल्याचे दुष्परिणाम दाखवणारी कादंबरी आहे, असा ठराव अध्यक्षांनी मांडला. टाळ्या झाल्या. मंडळाची एकुलती प्रत महिनाभर त्यांच्याच घरी होती. परवा परत आली. तनयच्या भागात पानोपानी पेन्सिलीच्या खुणा, समासात खोडरबराने पुसलेलं एक नाव. वहिनींचं नव्हतं.