आजोबा हा संदर्भ नव्हे

डोंबिवलीशेजारच्या ठाकुर्लीच्या फलाटावर कुणालाही विचारा, रेल्वेच्या चोळा इथल्या वीजघराचा इतिहास मिळेल. बहुतेक जलद लोकल इथे थांबत नाहीत, त्यामुळे सांगणाऱ्याला वेळही भरपूर. पण हाच इतिहास मराठी विकिपीडियावर लिहा, की वाक्याच्या शेपटाला ‘संदर्भ हवा’ चिकटलंच. ‘आमचे आजोबा तिथेच बॉयलरवर होते’ हे चालत नाही. आजोबांवर दुसऱ्या कुणीतरी पुस्तक छापायला हवं होतं.

१ मे २००३ला, ऐन महाराष्ट्र दिनी सुरू झालेल्या या ज्ञानकोशात मदतीची सोय मात्र चोख आहे. सरावाला धूळपाटी, वादाला चर्चापान, गाऱ्हाण्याला चावडी. प्रश्न टाकायचा, खाली चार तरंगचिन्हांची सही करायची आणि वाट पाहायची. उत्तर देणारे सगळे बिनपगारी. त्यांचीही ऑफिसं सुटायची असतात. पहिलं उत्तर बहुधा सही विसरल्याबद्दलच येतं.

मग एखादा जाणता सांगतो, जुनं कात्रण शोधा, रेल्वेचा छापील अहवाल शोधा, पृष्ठक्रमांक द्या. सल्ला अगदी बरोबर असतो, हीच पंचाईत. वाचनालयाला वेळा असतात. संपादनयुद्ध घरबसल्या करता येतं, आणि ‘ठाकुर्ली म्हणजे डोंबिवलीच’ असं कुणी लिहिलं, तर रात्रभर.