बोगद्याच्या डोक्यावरून सायकल

रेल्वे बंद पडली की रूळ उचलायचे, खडीवर बारीक चुरा दाबायचा आणि त्या वाटेवर सायकली सोडायच्या, ही युक्ती अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९६०च्या दशकात रुजली. तिथला एलरॉय-स्पार्टा मार्ग सुमारे पन्नास किलोमीटरचा, वाटेत तीन बोगदे. मिसुरीतला कॅटी ट्रेल तर पावणेचारशे किलोमीटरच्याही पुढे जातो. या वाटांचा मोठा गुण म्हणजे त्यांना चढ जवळजवळ नसतो. इंजिनाला चढ सोसत नाही, म्हणून जुन्या इंजिनिअरांनी डोंगर फोडले, दऱ्या भरल्या. त्याचं फळ आज पोट सुटलेले सायकलस्वार खातात.

अशा एका वाटेचा फोटो पुण्याच्या भाच्याने रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यात मामांच्या पडवीत दाखवला आणि रविवारचा बेत ठरू लागला. मिरजोळे गाव या कामाला तसं सोयीचं. औद्योगिक वसाहत गावात, विमानतळ गावात आणि रत्नागिरी स्टेशनही जवळच. तेव्हा इथे सायकलीला जुनी रेल्वेवाट सापडायलाच हवी, असा भाच्याचा हिशेब.

मामा एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. त्यांनी फोटो चष्मा वर करून पाहिला, खाली करून पाहिला.

"बंद पडलेली रेल्वे? अरे मेल्या, ती सुरू होईपर्यंत माझी अर्धी नोकरी संपली होती!"

मामांचं खरं होतं. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग १९९८ साली सुरू झाला. गाडी येण्याआधी रत्नागिरीकराने आगगाडी पाहिली ती मुंबईला गेल्यावर. जिथे गाडी यायलाच एवढा उशीर, तिथे ती बंद कधी पडणार आणि तिच्यावर सायकल कधी चालणार? बंद पडलेल्या लहान गाड्या हव्यात तर खानदेशात पाचोरा-जामनेर आहे, विदर्भात मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला आहे. कोकणात उलटाच प्रकार. इथे १९९९ पासून कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणीवर चढून जातात आणि ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये बसून डुलक्या काढतात. ट्रकाला रुळावरून जायची मुभा, सायकलीला नाही, हा अन्याय भाच्याच्या मनाला फार लागला.

"मग रुळाच्या कडेने जाऊ या," तो म्हणाला.

इथे कायदा आडवा येतो. रेल्वे अधिनियम, १९८९, कलम १४७: रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२३च्या जुलैमध्ये दूधसागरला रुळावरून चालत निघालेल्या हौशी मंडळींना तर रेल्वे पोलिसांनी तिथेच उठाबशा काढायला लावल्या. त्याची चित्रफीत देशभर फिरली.

"सहा महिने?" मामी आतून म्हणाल्या. "ऐन हंगामात आत गेलात तर आंबे कोण काढणार?"

बेत रुळावरून उतरला आणि वर गेला. अक्षरशः वर. कोकण रेल्वेने स्वतःला घालून घेतलेली मर्यादा अशी की दीडशे मीटर गेल्यावर चढ एका मीटरपेक्षा जास्त नको आणि वळणही सव्वा किलोमीटर त्रिज्येपेक्षा आवळ नको. सह्याद्रीच्या पायथ्याशी हा हट्ट धरायचा तर डोंगर आला की बोगदा आणि दरी आली की पूल, एवढंच हाती उरतं. रत्नागिरीच्या दक्षिणेला पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे, म्हणजे कुतुबमिनारपेक्षा फार तर आठ-नऊ मीटर बुटका. उत्तरेला भोके आणि उक्षी यांच्या मध्ये करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब. गाडी तो काही मिनिटांत पार करते. सायकलवाल्याने तोच डोंगर डोक्यावरून ओलांडायचा. परदेशात रेल्वेने सायकलीसाठी सपाटी मागे ठेवली. आमच्याकडे सपाटी रेल्वेने घेतली आणि घाटी सायकलीला दिली.

"त्या घाटीत एस.टी. दुसऱ्या गिअरवर यायची," मामा म्हणाले, "तेवढ्यात माझी अख्ख्या गाडीची तिकिटं फाडून व्हायची."

तरी बेत उक्षीचाच ठरला. कारण भाच्याला हवं असलेलं उद्यान त्याच बाजूला आहे, फक्त त्याला फाटक नाही, बाक नाहीत आणि माळीही नाही. त्याला सडा म्हणतात. जांभ्याचं उघडं, सपाट पठार. घाटी चढून धापा टाकत वर आलं की एकदम क्षितिजापर्यंत मोकळं. पावसाळ्यात त्यावर सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं पसरतात. दिवाळीनंतर तिथेच गवत वाळतं आणि त्याची कुसळं मोज्यांत अशी शिरतात की संध्याकाळी पडवीत बसून एकेक उपटत बसावं लागतं.

या सड्यांवर माणसाने फार जुन्या काळी कातळात चित्रं कोरली आहेत. उक्षीच्या सड्यावर हत्ती आहे. रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवरची ही कातळशिल्पं सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं पायपीट करून उजेडात आणली. २०२२ साली कोकणातली काही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात उक्षीही आहे. विस्कॉन्सिनच्या वाटेवर तीन बोगदे असतील, हत्ती नाही.

राहिला रस्त्याच्या पोताचा प्रश्न. भाच्याने रुंद टायरची, गिअरची सायकल आणली होती आणि "मिश्र पृष्ठभाग" हा शब्द तो मोठ्या आदराने उच्चारत होता. मामांनी पृष्ठभाग सांगायला घेतले. आधी डांबर. मग जिथे डांबर होतं अशी आठवण. मग खडी, मग लाल माती, मग कातळ, आणि जवळची वाट धरलीत तर पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्या.

"पाखाडीवर सायकल कशी चालते?"

"खांद्यावर," मामा म्हणाले.

मामींनी घावणे डब्यात भरायचं कबूल केलं, मात्र पाण्याच्या बाटल्या दुप्पट घ्यायची अट घातली, आणि संपूर्ण बेतातली शहाणपणाची सूचना तेवढी एकच होती. सड्यावर सावली नसते. विहीर वाडीत असते आणि वाडी खाली असते.

कुणाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावं. पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि तिथे ब्रेक लावून काही उपयोग नसतो. पहाटे निघून ऊन तापायच्या आत सडा गाठावा. आणि चित्र कोरलेल्या कातळावर चाक घालू नका. सायकल लांब आडवी ठेवा आणि हत्तीपर्यंत चालत जा.