काकगणनेचा प्रश्न : आष्टा परिसराच्या विशेष संदर्भात

सामुदायिक पक्षीगणनेत कावळा लिहावा की लिहू नये, या प्रश्नाकडे विद्वानांनी आजवर सोयीस्कर डोळेझाक केली आहे. गिधाडांवर प्रबंध झाले, माळढोक तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला. पण वड्याच्या गाड्याखाली दिवसभर ठाण मांडून असलेल्या या पक्ष्याला मोजणीच्या वहीत एक ओळ मिळत नाही. ती उणीव भरून काढण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. या संशोधनाला कोणाचेही अनुदान नाही, आणि विषय ऐकल्यावर कोणी देईल असेही वाटत नाही.

प्रथम क्षेत्रनिश्चिती. आष्टा हे वाळवा तालुक्यातले, सांगलीहून पेठ नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला वारणा आणि मध्ये ऊस. कालनिश्चिती मात्र इतकी सरळ नाही. पंचांगातला वसंत चैत्रात बसतो. पक्षी मोजण्याचा जागतिक उत्सव फेब्रुवारीतच उरकतो. चार दिवसांचा हा उपक्रम १९९८ साली उत्तर अमेरिकेत निघाला आणि २०१३ पासून भारतातही होतो. पळस, पांगारा त्याच सुमारास फुलत असल्याने त्याला वसंतोत्सव म्हणायला आमची हरकत नाही. महाराष्ट्राचा घरचा पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सालिम अलींच्या. दोन्ही सणांत आष्ट्याच्या पक्षीमित्राला उसाच्या ट्रॉल्यांमधूनच वाट काढावी लागते, आणि ट्रॉलीवरच्या गाण्यापुढे दयाळाचे काही चालत नाही.

आता प्रत्यक्ष निरीक्षण. तोड चालू असलेला फड हे या भागातले उत्तम पक्षीनिरीक्षण केंद्र होय. तिकीट नाही, मनोरा नाही. कोयता पडेल तसे किडे बाहेर पडतात आणि गायबगळे तोडकऱ्यांच्या पायांत येऊन ते वेचतात. कोतवाल तारेवरून सूर मारतो, किडा उचलतो आणि पुन्हा त्याच जागी बसतो. पाचट पेटवले की धुराच्या कडेने वेडे राघू गिरक्या घेऊ लागतात. शेवटच्या चार सऱ्या उरल्या की उंदरांची पळापळ होते, आणि कापशी घार वर एका जागी पंख फडफडवत थांबलेली दिसते. कावळा या गर्दीत नसतो. तो बाजूला, बैलगाडीच्या जुवावर, फडक्यात बांधलेल्या भाकरीवर लक्ष ठेवून असतो.

अशा ठिकाणी मोजणीला आलेल्या गटात पुढील संवाद हमखास होतो.

“आन् कावळं?”

“कावळं कशाला ल्हिताय सर? ती हायतच की.”

हा झाला पूर्वपक्ष. शास्त्रार्थाच्या सोयीसाठी आपण त्याला ‘हायतच-की न्याय’ म्हणू. त्याचे खंडन अवघड नाही. मोजणीचा सगळा डोलारा पूर्ण यादीवर उभा असतो; ओळखू आलेला प्रत्येक पक्षी लिहिला, तरच न लिहिलेला पक्षी दिसला नाही असे धरता येते. सगळ्यांनी कावळा गाळला, तर उद्या तो खरोखर गेल्याचे कळायला मार्ग नाही. भारतातल्या ९४२ जातींची स्थिती सांगणारा २०२३ चा अहवाल सुमारे तीस हजार हौशी निरीक्षकांच्या अशाच नोंदींवर बेतलेला आहे. त्यात नीलपंख घटत चालल्याचे दिसते. नीलपंख तारोतार बसत असे, तेव्हा त्यालाही हाच न्याय लागू होता. उलट कोकिळेचे बरे चालले आहे. तिचे बाळंतपण कावळ्याच्या घरट्यात होत असल्याने या बातमीवर कावळ्याचे मत घ्यायला हवे.

परंतु खरा उत्तरपक्ष पुढेच आहे. पक्षीनिरीक्षण ही साहेबाची देणगी, असे मानणाऱ्यांनी कृष्णाकाठी रक्षाविसर्जनाला एकदा उभे राहावे. माणसे सकाळीच जमतात. निवद मांडला जातो. मग पाव्हणेरावळे, भाऊबंद, सोसायटीचे चेअरमन, सगळे मागे सरकून एकाच झाडाकडे बघत राहतात. जागतिक मोजणीत किमान पंधरा मिनिटे थांबण्याची अट आहे. इथे तासही जातो आणि कोणी घड्याळ बघत नाही, निदान उघडपणे तरी. इतक्या माणसांनी एकाच जातीवर इतकी एकाग्रता करावी, असे भिगवणलाही रोहितांच्या वाट्याला येत नसेल.

आधुनिक आचारसंहितेत मात्र हा उपक्रम बसत नाही, हे कबूल केले पाहिजे. पक्ष्याला आमिष दाखवू नये, असे ती सांगते. इथे भाताबरोबर भजी, चहा आणि मयताला आवडायची म्हणून पेटवलेली विडी असते. नकली आवाज काढून बोलावू नये, असेही ती सांगते. इथे भाऊबंदांतले कोणीतरी वयस्क गृहस्थ “काव काव” करू लागतात. शेवटी पक्ष्याशी थेट बोलणीच सुरू होतात : “धाकटीचं लगीन आम्ही करतो, बांधाचं बी मिटवतो, काळजी करू नका.” कावळा त्यानंतर शिवला, तर ते वचन चारचौघांत पक्के होते. पक्ष्याच्या उपस्थितीने बांधाची भांडणे मिटल्याची नोंद अन्य कोणत्याही जातीबाबत आमच्या पाहण्यात नाही. हाच पक्षी जहाजांवरून पूर्व आफ्रिकेत पोचला, तर तिथे तो उपद्रवी ठरला; केनियाने २०२४ साली दहा लाख कावळे मारण्याची योजना जाहीर केली. तिकडे कोणाचे निवद अडत नसावेत.

म्हणजे जी मंडळी घाटावर कावळ्यासाठी ताटकळतात, तीच फडावर तो लिहायला कंटाळतात. तेव्हा कावळा लिहावा, हा सिद्धान्त. राहता राहिले नियमांचे तपशील. राखाडी मानेचा घरकावळा आणि संपूर्ण काळा डोमकावळा यांच्या नोंदी वेगळ्या कराव्यात. घाटावर हा भेद कोणी विचारत नाही, दोघेही चालतात. एकाच कावळ्याने एका सकाळी तीन घरांचे निवद शिवले, तर यादीत एकच कावळा लिहावा. समाधान मात्र तिन्ही घरांचे ग्राह्य धरावे. कावळा येईचना म्हणून निवद गाईला घातला, तर गाय पक्ष्यांच्या यादीत येत नाही. आणि भटजींनी दर्भाचा कावळा करून कार्य उरकले असेल, तर त्याची संख्या लिहू नये, तो कितीही वेळेवर आलेला असो.