मापात मळ

बाजारातून नवी कोरी वस्तू आणायची, ती महिनोन्‌महिने खपून मळवायची आणि पुरेशी मळली की धूळ बसू नये म्हणून काचेच्या पेटीत ठेवायची, अशा छंदाला आमच्या घरात अजून मान्यता मिळालेली नाही. बायकोचा मुद्दा सरळ आहे. धूळच हवी असेल तर माळ्यावर फुकट आहे. तिच्यासाठी परदेशातून बाटली कशाला मागवायची?

बाटली मागवावी लागते, हे खरं. तिच्यात वस्त्रगाळ रंगीत पूड असते आणि ती कुठल्या मुलखातली धूळ म्हणून वापरायची, ते वर छापलेलं असतं. युरोपची धूळ वेगळी, व्हिएतनामची माती वेगळी, आखाती वाळू वेगळी. सातारा–कोरेगाव रस्त्याची धूळ माझ्या तरी पाहण्यात आलेली नाही. ती युरोपात थोडं व्हिएतनाम मिसळून घरीच करावी लागते.

माळ्यावरची धूळ का चालत नाही, यामागे गणित आहे. एकास बहात्तर या मापाच्या मॉडेलांत सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. मग या मापाच्या गाडीवर खरी वाळू टाकली, तर तिचा अर्ध्या मिलिमीटरचा कण साडेतीन सेंटिमीटरची खडी होतो. टपावर डोक्यातला एक केस पडला, तर पाच मिलिमीटर जाडीचा दोर पडला असं समजायचं. थोडक्यात, घरातली धूळ एकास एक मापाची असते आणि बाटलीतली मापात असते. म्हणून पहिली पेटीच्या बाहेर आणि दुसरी पेटीच्या आत. हे सगळं मी बायकोला कॅल्क्युलेटर घेऊन समजावून सांगितलं. तिने शांतपणे कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेतला आणि बाटलीची किंमत बहात्तरने गुणली.

या छंदाचा इतिहास पाहिला तर तिच्या बाजूने निकाल लागण्याची शक्यता जास्त. इंग्लंडची एअरफिक्स ही कंपनी आधी रबरी खेळणी आणि कंगवे काढायची. १९४९मध्ये तिला फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी छोटे ट्रॅक्टर बनवायचं काम मिळालं. ते जोडून विकणं परवडेना, म्हणून पुढे सुटे भागच विकायला काढले. तेव्हापासून या धंद्यात मजुरीही गिऱ्हाईक करतो आणि पैसेही तोच देतो. आणि ज्या मापांवरून जगभरची शहाणी माणसं एकमेकांशी बोलणं टाकतात, त्यांचा उगम काय? जपानच्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. मोटर आणि सेल पोटात मावले पाहिजेत, अशा बेताने तो बेतला. मग केव्हातरी माप घेतलं, तेव्हा तो मूळ रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाचा भरला. झालं! एकास पस्तीस हे रणगाड्यांचं जागतिक प्रमाण ठरलं. खिळ्यांची डोकी मोजून भांडणाऱ्या पंथाचा मूळपुरुष म्हणजे एक सेल.

आपल्याकडच्या छांदिष्टाला सुरुवात नॅट विमानाने करावीशी वाटते. १४ डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी श्रीनगरवर आलेल्या सेबर विमानांशी नॅटमधूनच एकाकी झुंज दिली. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं आहे. एकास बहात्तरमध्ये हे विमान जेमतेम बारा सेंटिमीटरचं होतं. अभिमानाने जोडावं, चाकं सुकू द्यावीत, टेबलावर उभं करावं, तर ते हळूच नाक वर करून शेपटीवर बसतं. खऱ्या विमानाचं नाक भरलेलं असतं, आपलं पोकळ. म्हणून दोन्ही अर्धे चिकटवण्याआधी नाकात गळाला लावायचे शिशाचे गोळे भरावे लागतात. परमवीर चक्राचं विमान शेपटीवर बसलेलं बघवत नाही.

पण जोडणं हा छंदाचा निम्मा भागही नाही. खरा छंद मळवण्याचा. शेपर्ड पेन नावाच्या अमेरिकन कलावंताने सत्तरच्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या खोक्यांतल्या पत्रकांमधून दाखवून दिलं, की मॉडेल चकचकीत असेपर्यंत खेळणं असतं. त्याला चिखल लागला की त्याच्यामागे एक हकीकत उभी राहते. झालं, साऱ्या पिढीने हातातली फडकी टाकली आणि ब्रश उचलले. तेलरंग पाण्यासारखा पातळ करून पत्र्याच्या सांध्यावर नुसता टेकवायचा. तो आपल्याआप रेघेरेघेने पळत जातो आणि बघता बघता सांध्यात दहा वर्षांचा मळ साचतो. मग ब्रश रंगात बुडवून फडक्याला इतका पुसायचा की त्यात रंग उरला आहे, यावर आपलाच विश्वास बसू नये. आणि तो कडांवरून फिरवायचा, की कडा झिजलेल्या दिसतात.

गंजासाठी लागतो हेअर स्प्रे. आधी गंजाचा रंग, त्यावर हेअर स्प्रे, त्यावर गाडीचा रंग. तो वाळल्यावर ओल्या ब्रशने हलकेच घासलं, की खालचा स्प्रे पाण्यात सुटतो, वरच्या रंगाचे टवके उडतात आणि आतून गंज डोकावतो. स्प्रेची बाटली मागितली, तेव्हा दुकानदाराने माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथे स्प्रे मारण्याजोगं काही उरलेलं नाही.

“वहिनींसाठी का?” त्याने अदबीने विचारलं.

“नाही, बंपरसाठी,” मी म्हणालो.

बंपर एसटीचा होता. रणगाडे आणि विमानं करून झाली की मराठी माणसाला कधी ना कधी एसटी करावीशी वाटतेच. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून आपण हिच्यात बसत, लोंबकळत आणि हिच्या मागे धावत आलो आहोत. हिचं तयार किट मला मिळालं नाही. एसटी महामंडळाच्या गाड्यांच्या बॉडी दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरच्या कार्यशाळांत बांधल्या गेल्या. माझ्या गाडीची बॉडी जेवणाच्या टेबलावर बांधली. अप्पा बळवंत चौकातून पांढरी प्लॅस्टिक शीट आणली, खिडक्यांना पारदर्शक शीट लावली आणि अकरा मीटरची गाडी पंधरा सेंटिमीटरमध्ये बसवली. टेबल तेवढ्यापुरतं आगार झालं आणि आम्ही दोघं ताटं घेऊन सोफ्यावर गेलो.

रंगाला मात्र वेळ लागला. खऱ्या गाडीचा लाल रंग डब्यातून काढून जसाच्या तसा मॉडेलला लावला, तर तो जड दिसतो. मोठी वस्तू आपण लांबून पाहतो, मधली हवा तिचा रंग थोडा फिका करते. ती हवा छोट्या वस्तूच्या रंगातच मिसळावी लागते. आता लालात पांढरा घातला की गुलाबी होतो आणि गुलाबी एसटीत कुणी चढेल असं वाटत नाही. म्हणून बदामी रंगाचे थेंब घातले. खरं दिसण्यासाठी खोटं बोलावं लागतं, पण तेही मापात.

मग मळ. इथे एकच नियम आहे: प्रत्येक डागाला कारण हवं. चाकाच्या मागे चिखल उडतो, पुढे कमी. दाराच्या दांड्याचा रंग हातांनी जातो, पायरीचा चपलांनी. आणि मळ कुठे नाही, हे तर त्याहून महत्त्वाचं. पुढच्या काचेवर धूळ मारण्याआधी मी कंपासने चिकटपट्टीची अर्धगोल चकती कापून लावली. धूळ मारून ती सोलून काढली आणि वायपर फिरल्याची स्वच्छ कमान उमटली, तेव्हा मला जो आनंद झाला तो खरी काच पुसून आजवर झालेला नाही, असं निरीक्षण बायकोने नोंदवलं.

सगळ्यात अवघड काम पिंकेचं. लाल गाडीवर पानाची पिंक दिसणारच नाही, असं वाटतं. पण ती वाळली की काळपट तपकिरी होते, खिडकीपाशी जाड आणि खाली जाता जाता सुईच्या टोकाएवढी. गाडी उभी असताना टाकलेली पिंक सरळ खाली येते. धावत्या गाडीतली मागे तिरपी जाते. म्हणजे जाणकाराला पिंकेच्या कोनावरून वेगाचा अंदाज यावा. मी दोन्ही प्रकारच्या काढल्या. शेवटी टिश्यू पेपरचा साडेपाच मिलिमीटरचा चौकोन कापला, त्याला निळी किनार काढली आणि खिडकीतून चिमट्याने पुढच्या एका सीटवर टाकला. जागा धरल्याचा रुमाल. तो नसता तर गाडी कितीही मळली असती तरी एसटी झाली नसती.

परीक्षेसाठी खालच्या मजल्यावरच्या काकांना बोलावलं. हयात एसटीत चालक म्हणून घालवून ते निवृत्त झालेत. आमच्या छंदातल्या खिळे मोजणाऱ्यांना मी घाबरत नाही. पण घाटात गाडी घातलेला माणूस वेगळा. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि गाडीभोवती फेरी मारली. गाडी पंधरा सेंटिमीटरची असल्यामुळे खरं तर ते टेबलाभोवती फिरले. टायरवर बोटाने टिचकी मारायला गेले, तेव्हा मी तो हात वरच्या वर धरला.

“ही पिंक महिलांच्या राखीव सीटखाली आलीय,” काका म्हणाले.

“पुरुष बसलाय तिथे.”

“बसतातच. कंडक्टरने सांगूनही उठत नाहीत.” त्यांचा आवाज जरा चढला. कुठल्या तरी जुन्या फेरीतला कुणी तरी त्यांना आठवला असावा. मग ते वाकले, खिडकीतून आत पाहिलं आणि गप्प झाले.

“हा रुमाल कुणाचा?”

“प्रवाशाचा. चहा प्यायला उतरलाय.”

“पण ही सीट आमदारांसाठी राखीव आहे,” काका करड्या आवाजात म्हणाले.

मी चिमटा शोधायला लागलो. काकांनी हातानेच मला थांबवलं.

“राहू द्या. आमदार आले तर उठवू त्याला.” ते सरळ उभे राहिले आणि त्यांनी चष्मा खाली घेतला. “माझ्या अख्ख्या नोकरीत कुणाला उठवायची वेळ आली नाही.”