थोरामोठ्यांच्या तसबिरी घरच्या घरी उतरविण्याची रीत

छायाचित्रणाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी दुसऱ्या वर्षात पाऊल टाकतो न टाकतो तोच त्याच्यावर एक कामगिरी सोपविली जाते, ती अशी की, जगद्विख्यात व्यक्तिचित्रांपैकी काहींची त्याने स्वतःच्या साधनसामग्रीनिशी प्रतिकृती करावी आणि सरतेशेवटी आपले एक आत्मचित्र काढून ते सर्व मुदतीच्या आत विभागाच्या दप्तरी रुजू करावे. ही कामगिरी वरकरणी सोपी वाटते, कारण मूळ चित्र समोर असते, कॅमेरा हाती असतो आणि घरात निदान चार माणसे तरी रिकामी बसलेली असतात. यांतले तिसरे गृहीतक किती पोकळ आहे हे, ज्याने वडिलांना रविवारी सकाळी "बाबा, जरा इकडे उजेडात बसता का?" असे विचारून पाहिले आहे, त्यालाच ठाऊक. सबब अशा विद्यार्थ्यांच्या उपयोगार्थ काही सूचना येथे ग्रथित केल्या आहेत. त्या यथासांग पाळल्यास चित्र साधेलच अशी हमी प्रस्तुत लेखक देत नाही. घरातली शांतता नेमकी कोणत्या घटकेला भंगणार, एवढे मात्र आधी सांगता येईल.

प्रथम चित्राची निवड. बहुतेकांची नजर स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ साली पेशावरनजीकच्या नासिर बाग निर्वासित छावणीत टिपलेल्या अफगाण मुलीकडे वळते. जून १९८५च्या 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर ती आल्यापासून तांबड्या ओढणीला या विद्येत सनदेची योग्यता आली आहे. ओढणी घरात सापडते, हिरवी भिंगे चष्म्याच्या दुकानात मिळतात, आणि मग नुकतेच दोन बटाटेवडे खाऊन तृप्त झालेल्या मावसबहिणीला "निर्वासितासारखी बघ" असा हुकूम सुटतो. मावसबहीण बघते, पण त्या बघण्याला सामान्य भाषेत पेंग म्हणतात. डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर घेतलेल्या मातेच्या चित्राचीही विद्यार्थ्यांच्या हाती अशीच विटंबना होते. दुसऱ्याची उपासमार ओढणीबरोबर भाड्याने मिळत नाही, आणि मिळाली तरी आणू नये, असे या लेखकाचे मत असल्यामुळे ही दोन्ही चित्रे मार्गदर्शनातून बिनशर्त वगळली आहेत. फिलिप हाल्समन यांनी १९४८ साली साल्वादोर दाली यांना उडी मारावयास लावून, त्याच वेळी तीन मांजरे आणि बादलीभर पाणी हवेत भिरकाववून जे चित्र काढले, तेही वर्ज्य समजावे. हाल्समन यांना तो खटाटोप २८ वेळा करावा लागला, आणि ज्या सोसायटीत पाणी टँकरने येते तेथे दुसऱ्याच बादलीला सेक्रेटरी दारात उभे राहतात.

नवशिक्याने निःशंकपणे हात घालावा असे चित्र म्हणजे युसुफ कार्श यांचे चर्चिल. ३० डिसेंबर १९४१ रोजी ऑटावा येथे कॅनडाच्या पार्लमेंटापुढे भाषण आटोपून चर्चिलसाहेब सभापतींच्या दालनात आले, तेव्हा तेथे आपली तसबीर उतरविण्याचा बेत शिजला आहे याची त्यांना वर्दी नव्हती. त्यांनी नाखुशीनेच थोडा अवकाश मंजूर केला आणि चिरूट पेटविला. कार्श यांनी रक्षापात्र पुढे धरले, ते दुर्लक्षिले गेले. तेव्हा त्या सभ्य गृहस्थाने पुढे होऊन, क्षमा मागून, साम्राज्याच्या पंतप्रधानाच्या तोंडातला चिरूट काढून घेतला, आणि कॅमेऱ्याजवळ परत येऊन कळ दाबली. युद्धकाळात ब्रिटनच्या अभंग धैर्याचे प्रतीक म्हणून जगाने जी मुद्रा डोक्यावर घेतली ती, कागदपत्रे पाहू जाता, चिरूट हिरावला गेलेल्या इसमाची आहे.

तेव्हा वडिलांना चर्चिल करावयाचे असेल, तर काळा कोट आणि जाडी यांची चिंता मागाहून करून, त्यांच्यापासून कोणती वस्तू जप्त केली असता हीच मुद्रा उमटेल याची तजवीज आधी करावी. वर्तमानपत्र उपयोगी नाही. ते ओढून घेतल्यास वडील खिन्न होतात, क्रुद्ध होत नाहीत, आणि खिन्न वडिलांची छायाचित्रे प्रत्येक घरात मुबलक आहेत. चहाचा कप गरम असतो. अनुभवी मंडळींचा कौल दूरचित्रवाणीच्या रिमोटकडे आहे, आणि तोही सामन्याची अखेरची दोन षटके शिल्लक असताना. कार्श यांनी दिवे आदल्या रात्रीच मांडून ठेवले होते, हे येथे ध्यानात ठेवावे: मुद्रा प्रकटल्यावर दिव्यांच्या वायरी सोडवीत बसणाऱ्याला ती थांबून राहत नाही. एक दिवा बाजूने जरा उंचावर ठेवावा. पाठीमागच्या कपाटाच्या आरशावर काळी शाल टाकावी. आणि कार्श हे हातांवर स्वतंत्र प्रकाश टाकण्याबद्दल प्रसिद्ध असल्यामुळे अभ्यासाचा टेबल-लॅम्प वडिलांच्या कमरेवरच्या हाताकडे वळवावा. हात कमरेवर ठेवण्याची सूचना द्यावी लागत नाही, रिमोट गेल्यावर तो आपोआप तेथे जातो. फोकस आधीच पक्का करून कॅमेरा स्टँडवर ठेवावा, उजव्या हाताने वडिलांचा रिमोट घ्यावा आणि डाव्या हातातल्या कॅमेऱ्याच्या रिमोटची कळ दाबावी. या दोन रिमोटांची गल्लत झाल्यास मुद्रा अप्रतिम येते, चॅनेल बदलतो, आणि चित्र निघत नाही.

कार्श यांना त्यानंतर चर्चिलसाहेबांनी हसून दुसरे चित्रही काढू दिले होते. वडिलांकडून तशी अपेक्षा ठेवू नये.

जप्तीचा मार्ग ज्याच्या प्रकृतीला मानवत नाही त्याने अर्जविनंतीचा मार्ग धरावा, आणि त्याचा नमुना महाराष्ट्रातच घडलेला आहे. १९४६ साली 'लाइफ'च्या मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्यात गांधीजींचे चरख्यासह छायाचित्र घ्यावयास आल्या, तेव्हा त्यांना प्रथम सूत कातता येते काय असे विचारण्यात आले, आणि येत नाही असे निष्पन्न होताच ते शिकून येण्याची अट घालण्यात आली. बाई चरख्यावर बसल्या. मग कळले की, सोमवार असल्यामुळे गांधीजींचे मौन आहे आणि प्रखर प्रकाश त्यांना सोसत नसल्याने फ्लॅशचे तीनच बल्ब उडविता येतील. त्यांतले पहिले दोन वाया गेले आणि तिसऱ्याने काम केले. जे चित्र आज सर्वत्र पाहावयास मिळते त्यात चरखा पुढे आहे, गांधीजी मागे आहेत, आणि ते कातीत नसून कागद वाचीत आहेत.

या चित्राला घरात एकच पात्र योग्य, ते म्हणजे आजी. आणि चरख्याच्या जागी तिचा वातींचा डबा. आजीकडे विनंती घेऊन जाताच ती म्हणते, "आधी शंभर फुलवाती वळ, मग काय तो फोटू काढ." येथे विद्यार्थ्याने घासाघीस करू नये. सरकी काढलेल्या कापसाची चिमूट घ्यावी, ती बोटांनी अलगद फुलवून तिचा पातळ चकतीसारखा पसारा करावा, त्याच्या कडा एकत्र आणून बूड गोल ठेवावे, आणि बोटाला दुधाचा ओलावा लावून वरचे टोक पिळावे. विद्यार्थ्याच्या पहिल्या वातीला बूड असते तर टोक नसते, टोक आले तर बूड सुटते, आणि बोट जास्त ओले झाल्यास कापूस सगळाच बोटाला राहतो. आजी त्या वाती एकेक उचलून, चष्मा कपाळावर नेऊन पाहते, निम्म्या उसकटून परत डब्यात टाकते, आणि या न्यायदानात इतकी गढते की समोर कॅमेरा आहे याचा तिला पूर्ण विसर पडतो. बर्क-व्हाइटबाईंना घातलेली अट छळासाठी होती अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी या घटकेला आजीच्या चेहऱ्याकडे पाहावे. खिडकी तिच्या पाठीशी असू द्यावी. प्रकाशाचे मोजमाप खिडकीवरून न घेता गालावरून घ्यावे. गणपतीच्या मखरातला थर्माकोलचा उरलेला तुकडा समोरून धरल्यास सुरकुत्यांत पुरेसा उजेड परततो. पंखा बंद ठेवावा, नाहीतर कापूस शेजारच्या गॅलरीत सापडतो.

तिसरे चित्र देशी असावे. चित्रातली स्त्री अंगावर वठवून छायाचित्र काढण्याची प्रथा परकी नाही. बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांनी क्लेअर आर्नी यांच्या सहकार्याने रविवर्म्याच्या नायिका अशाच उभ्या केल्या आहेत. पण विद्यार्थ्यांची मजल सहसा सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांच्या दीपधारिणीपर्यंत जाते. जलरंगातले ते चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, त्यासाठी हळदणकरांची कन्या गीता उभी राहिली होती, आणि तरीही ते रविवर्म्याचे आहे असे छातीठोकपणे सांगणारा एक तरी काका प्रत्येक कुटुंबात असतो. त्याच्याशी वाद घालू नये, त्याला दिवा धरावयास सांगावे. बहिणीला उभे करावयाचे असल्यास मोबदला लेखी ठरवावा. फ्लॅश उडविल्यास ज्योत नाहीशी होऊन हातात नुसते पितळ उरते, म्हणून तो काढूनच ठेवावा. एका ज्योतीचा प्रकाश वीतभर अंतरावर इतका क्षीण असतो की, भिंग एफ १.८पर्यंत उघडून आणि आयएसओ ३२०० ठेवूनही सेकंदाचा चाळिसावा भाग तरी पडदा उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्या अवधीत बहिणीने हसू नये हीच खरी अडचण आहे. ज्योतीआड धरलेल्या तिच्या बोटांच्या कडा लाल पारदर्शक दिसू लागल्या की कळ दाबावी. दिव्यात मोबाईलचा टॉर्च लपविणारे विद्यार्थी आहेत. त्यांची चित्रे भुताखेतांच्या अंकांना उपयोगी पडतात.

आता आत्मचित्र. रॉबर्ट कॉर्नेलियस यांनी १८३९ साली फिलाडेल्फियात घरच्या दिव्यांच्या दुकानामागे कॅमेरा मांडून त्याचे झाकण काढले, ते समोर जाऊन स्थिर राहिले, आणि अवकाशाने परतून झाकण लावले. त्या चित्रात ते मध्यभागी नाहीत आणि केसही विस्कटलेले आहेत. आजचा विद्यार्थी तेच करतो, फक्त त्याला धावावयास दहा सेकंद मिळतात आणि वाटेत स्टँडचा पाय असतो. लगेच पुढल्या वर्षी, १८४० मध्ये, आपल्या छायाचित्रणाच्या शोधाकडे दुर्लक्ष करून सरकारने सगळा मान दागेर यांना दिला या रागाने पॅरिसच्या इपोलित बायार यांनी बुडून मेलेल्या माणसाचे सोंग घेऊन आपले चित्र काढले आणि त्याच्या पाठीवर आपली कैफियत लिहिली. चित्राच्या पाठीवर कैफियत लिहिण्याचा तो रिवाज आजतागायत चालू आहे. अभ्यासक्रमात तिला कॉन्सेप्ट नोट म्हणतात आणि तिला वेगळे गुण असतात.

फोकससाठी आपल्या जागी स्टूल ठेवावे, त्यावर उशा रचाव्यात, उशांवर हेल्मेट ठेवावे, आणि त्याच्या काचेवर फोकस पक्का करून तो स्वयंचलित व्यवस्थेच्या हाती पुन्हा जाणार नाही असा बंदोबस्त करावा. ८५ मिलिमीटरचे भिंग, एफ १.८ आणि दीड मीटर अंतर धरल्यास स्पष्टतेचा पट्टा जेमतेम ३ सेंटिमीटरचा असतो, म्हणजे डोळे रेखीव आले तर कानांची आशा सोडावी.

याहून बिकट प्रश्न ओळखीचा आहे. विद्यार्थ्याने आपला चेहरा जन्मभर आरशात पाहिलेला असतो, आणि आरसा डाव्याचे उजवे करतो. व्हॅन गॉग यांनी कापला डावा कान, पण आरशात पाहून रंगविलेल्या १८८९च्या चित्रात पट्टी उजव्या कानावर दिसते ती यामुळेच. कॅमेरा अशी अदलाबदल करीत नाही. परिणामी छायाचित्रात भांग भलत्या बाजूला, भुवई भलतीकडून वर गेलेली, आणि एकंदर इसम अनोळखी असे विद्यार्थ्याला वाटते व तो चित्र रद्द करतो. तेच आईला दाखविल्यास ती म्हणते, "अगदी तूच आहेस की रे!" या तंट्यात आईची साक्ष ग्राह्य धरावी, कारण तिने त्याला आरशात पाहिलेले नाही.

तथापि खरी कोंडी निराळीच आहे. कार्श यांना हिरावण्यासाठी दुसऱ्याचा चिरूट होता, बर्क-व्हाइटबाईंना अट घालणारे कोणी होते. आत्मचित्रात अर्जदारही आपण आणि मामलेदारही आपणच, त्यामुळे अर्ज तत्काळ मंजूर होतो आणि चेहऱ्यावर मंजुरीखेरीज काही उमटत नाही. हनुवटी किंचित वर, नजर खिडकीबाहेर, ओठांवर विषादाची छटा असे जे आत्मचित्र दरसाल वर्गातल्या निम्म्या भिंती व्यापते, ते या मंजुरीचे फळ होय. यावर इलाज एकच: दिवे, अंतर, फोकस सर्व स्वतः मुक्रर करून आपण जागेवर बसावे, हातात स्वतःचा मोबाईल धरावा, कॅमेऱ्याची कळ आईकडे द्यावी, आणि धाकट्या भावाला वेळ न सांगता तो मोबाईल हिसकावून नेण्याची मुखत्यारी द्यावी. हे आत्मचित्र कसे, अशी हरकत परीक्षक घेतील. त्यांना सांगावे की चिरूट कोणाचाही असो, दिवे माझे होते. चित्रातली मुद्रा पाहून आजी "बापावर गेलाय" म्हणते, तीही साक्ष नोंदवून घ्यावी. मग वडिलांचे आणि आपले अशी दोन्ही छायाचित्रे ८ बाय १० इंचांत छापून, कैफियत थोडक्यात लिहून, मुदतीच्या आदल्या दिवशी दप्तरी रुजू करावीत. शेवटच्या दिवशी छपाईच्या दुकानात सगळा वर्ग रांगेत असतो.