आधी पत्र डिस्कवर, मग '२५०'

ईमेल सर्व्हर दहा मिनिटांत बसतो, असं सांगणाऱ्या मार्गदर्शिका ढिगाने सापडतात. डेबियन किंवा उबुंटूवर पत्रं नेणारा पोस्टफिक्स उतरवा, पेट्या सांभाळणारा डव्हकॉट उतरवा, मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंग फाइलमध्ये चार ओळी भरा, स्वतःलाच एक चाचणी पत्र पाठवा. पत्र आलं, मार्गदर्शिका संपली.

माझं भांडण इथूनच सुरू होतं. स्वतःचं पत्र स्वतःला मिळालं म्हणून सर्व्हर तयार झाला, असं समजू नका. दुसऱ्याचं पत्र तुमच्या ताब्यात आल्यावर तुम्ही त्याचं काय करता, यावर सर्व्हरची लायकी ठरते.

ईमेलची देवाणघेवाण ज्या नियमांवर चालते ते एसएमटीपी जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये आरएफसी ८२१ मध्ये लिहिलं. पाठवणारा सर्व्हर सगळा मजकूर देतो, शेवटी एका ओळीत एकटं टिंब देतो आणि उत्तराची वाट पाहतो. समोरून येतं '२५०', म्हणजे 'घेतलं'. पोस्टफिक्स त्यासोबत रांगेतला क्रमांकही देतो. सरकारी कार्यालयात अर्जावर आवक क्रमांक पडला की कागदाची जबाबदारी कार्यालयाची होते, तसंच हे आहे. पाठवणारा त्या क्षणी आपल्या रांगेतून पत्र काढून टाकतो. आता ते पोचवायचं, नाहीतर पोचलं नाही असं कळवायचं, हे तुमच्यावर. २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्येही ही जबाबदारी स्पष्ट आहे. नंतर आमचं मशीन बंद पडलं, ही सबब तिथे चालत नाही.

पोस्टफिक्स मला आवडतो तो याच कारणासाठी. वित्से वेनेमा यांनी आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात तो लिहिला आणि १९९८ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. आलेलं पत्र तो आधी रांगेतल्या फाइलमध्ये लिहितो, ती फाइल खरोखर डिस्कवर उतरव असं ऑपरेटिंग सिस्टिमला बजावतो, आणि मगच २५० म्हणतो. वेग वाढावा म्हणून हीच रांग रॅममध्ये ठेवायचा सल्ला देणारे हुशार लोक आहेत. वीज गेली की त्यांच्या रांगेतली पत्रं गेली, आणि पाठवणाऱ्याच्या लॉगमध्ये मात्र २५० कायम. असा वेग कुणाच्याही कामाचा नाही.

पत्र घेता येत नसेल तर नाही म्हणायची सोय एसएमटीपीत पहिल्यापासून आहे. चारशेच्या घरातलं उत्तर म्हणजे आत्ता जमत नाही, नंतर या. पाचशेच्या घरातलं म्हणजे नाही. पत्राची कमाल मर्यादा जेवढी, त्याच्या दीडपट जागा डिस्कवर उरली नसेल तर पोस्टफिक्स ४५२ म्हणतो आणि पत्र पाठवणाऱ्याकडेच राहतं. पत्ता अस्तित्वात नसेल तर ५५० म्हणतो, तेही मजकूर घेण्याआधी, दारातच.

हे दार उघडं टाकणारे आपल्यात कमी नाहीत. मुख्य सर्व्हर बंद असताना पत्रं घ्यायला पर्यायी सर्व्हर बसवतात आणि खऱ्या पत्त्यांची यादी त्याला देतच नाहीत. तो बिचारा येईल ते घेतो, मुख्य सर्व्हर नाकारतो, मग तो पत्र परत पाठवायला निघतो. स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक वेळा खोटा असतो. त्यामुळे परतीची पत्रं भलत्याच निरपराध माणसाच्या पेटीत पडतात, आणि तुमचा आयपी काळ्या यादीत जातो. यात अन्याय झाला म्हणून ओरडू नका. यादी दिली असती तर हे झालं नसतं.

त्याहून वाईट म्हणजे मायनेटवर्क्समध्ये, म्हणजे कुणाची पत्रं पुढे न्यायची त्या यादीत, ०.०.०.०/० (सगळं जग) लिहून मोकळे होणारे. कार्यालयातून पत्र जात नव्हतं, हे लिहिलं आणि जायला लागलं! जाणारच. आता जगातल्या कुणालाही तुमच्या सर्व्हरमधून कुणालाही पत्र पाठवता येतं. एरिक ऑलमन यांच्या सेंडमेल या मेल सर्व्हरच्या जुन्या काळात मशीनं एकमेकांची पत्रं अशीच पुढे ढकलत, कारण जाळं लहान होतं आणि ओळखीचं होतं. स्पॅमवाल्यांनी त्या विश्वासाची माती केली. १९९८ च्या ८.९ आवृत्तीत सेंडमेलनेही हे दार मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. तेव्हा बंद झालेलं दार आज एका ओळीने पुन्हा उघडायचं काहीही कारण नाही. आपल्या माणसांना पत्र पाठवायला ५८७ पोर्ट आहे, पासवर्ड आहे, टीएलएस आहे. डव्हकॉट पासवर्ड तपासून देतो. अर्ध्या तासाचं काम आहे, ते करा.

आता पोस्टमास्टर. पत्रं पोचवणाऱ्या प्रत्येक सर्व्हरवर या नावाचा पत्ता चालू असलाच पाहिजे, असा नियम आहे. बहुतेक मशीनांवर तो असतोही. एलियासेस फाइल उघडा: पोस्टमास्टरची पत्रं रूटकडे, रूटची पत्रं व्हारमेलमधल्या एका फाइलमध्ये, आणि ती फाइल उघडणारं कुणीही नाही. तुमच्या सर्व्हरवरून स्पॅम येतंय अशी तक्रार कुणी सज्जन माणूस तिथे करतो आणि ती त्या फाइलमध्ये पडून राहते. त्या ओळीत एका जित्याजागत्या माणसाचा पत्ता घाला, न्यूएलियासेस ही आज्ञा चालवा, आणि त्या माणसाला सांगा की हे तुझं काम आहे.

आणखी एक ओळ. समोरचा सर्व्हर बंद असेल तर पोस्टफिक्स ठरलेल्या सेटिंगनुसार पाच दिवस प्रयत्न करत राहतो. हा चिवटपणा मोलाचा आहे. पण पत्र रखडलंय हे तो पाठवणाऱ्याला मधल्या काळात कळवत नाही, कारण विलंबाची सूचना मुळात बंद असते. एखाद्या मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत परवा संपत असेल, तर पाचव्या दिवशी आलेलं 'पोचलं नाही' तिच्या काय कामाचं? डिले वॉर्निंग टाइम ही सेटिंग चार तास करा. सूचना आली की ती निदान फोन तरी करेल.

बाहेर जाणाऱ्या पत्रासाठीही काम आहे. आयपीवरून उलटं शोधलेलं नाव (रिव्हर्स डीएनएस) तुमच्या सर्व्हरच्या नावाशी जुळलं पाहिजे. एसपीएफ सांगतं की तुमच्या डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर बोलू शकतात, डीकेआयएम पत्रावर सही करतं, आणि यातलं एकही जुळलं नाही तर काय करायचं ते डीमार्क सांगतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या संख्येने पत्रं पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं. ही सक्ती मला मान्य आहे. नाव लावून पत्र पाठवणाऱ्याने आपली ओळख पटवायलाच हवी. नियम लेखी आहे, पाळला नाही तर नकार मिळतो, आणि नकारात कारण असतं. छोट्या सर्व्हरवाल्याला एवढं पुरतं. चूक कळली की तो दुरुस्त करतो.

त्याला जे पुरत नाही ते वेगळं आहे. सगळं नीट जुळलेलं पत्र मोठी सेवा घेते, २५० म्हणते, आणि पुढे ते पत्र ना इनबॉक्समध्ये दिसतं ना स्पॅममध्ये. परतही येत नाही. छोटा सर्व्हर चालवणाऱ्या कुणालाही विचारा, हा अनुभव तो सांगेल. उघड फसवणुकीचं पत्र गुपचूप टाकून द्यायला नियमात जागा आहे, पण ती अगदी खात्री असेल तेव्हासाठी. एखाद्या पतसंस्थेने सभासदाला पाठवलेली सर्वसाधारण सभेची नोटीस त्यात बसत नाही. या वागण्याचा परिणाम एवढाच की माणसं थकतात, सर्व्हर बंद करतात आणि त्याच मोठ्या सेवेच्या दारात खातं उघडायला जातात. कुणाच्याही परवानगीशिवाय कुणीही उभं करू शकेल अशी टपालव्यवस्था युनिक्सवर वाढली. ती मूठभर कंपन्यांची मिरासदारी होऊ देणं मला मंजूर नाही.

म्हणून छोट्यांनी शिस्त पाळायची आणि मोठ्यांना तीच शिस्त मागायची. आज सर्व्हर बसवत असाल तर बाहेरच्या खात्यावरून दोन पत्रं पाठवून बघा: एक पोस्टमास्टरला, एक अस्तित्वात नसलेल्या नावाला. पहिलं माणसापर्यंत पोचलं पाहिजे, दुसरं दारातच नाकारलं गेलं पाहिजे. दोन्ही झालं की मगच सर्व्हर झाला म्हणा.

आणि मोठ्यांनो, पत्र नको असेल तर ५५० म्हणा. आम्ही कारण वाचू, दुरुस्त करू, पुन्हा येऊ. २५० म्हणून पत्र फेकून देणं, याला एसएमटीपीत क्रमांक नाही.